घरी बाळंतपण: आधी सुईणीला हे विचार

अगं, पाण्याचा टब, मंद दिवे हे सगळं नंतर. आधी सुईणीला विचार, "बाळ झाल्यावर अंगावरून जास्त जायला लागलं तर तुम्ही काय कराल?" रक्तस्राव आटोक्यात आणणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन आणि बाळाला श्वास द्यायची बॅग-मास्क तिच्याजवळ हवीच. उत्तर देताना चाचरली तर सरळ दुसरी शोध.

पहिलटकरीण आहेस म्हणून स्पष्ट सांगते. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, घरी बाळंत व्हायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना दवाखान्यात हलवावं लागलं. पहिल्या खेपेला घरी बाळाला असलेला धोकाही थोडा जास्त दिसला. हलवण्याचं कारण बरेचदा साधंच असतं, कळा पुढे सरकत नाहीत. पण गाडी आयत्या वेळी शोधायची नसते! दवाखान्यात आधीच नाव नोंदव, रात्री किती वेळ लागतो तेही बघून ठेव.

जुळी, पायाळू बाळ, वाढलेलं बीपी किंवा आधीचं सिझेरियन असेल तर माझं मत विचारूच नकोस, डॉक्टरांकडे जा.

आणि हो, सुईण "निघूया" म्हणाली की निघायचं, हे नवऱ्याला आत्ताच सांगून ठेव. ऐन कळांत वाद घालायचं त्राण तुझ्यात नसेल.