रिपोर्टमध्ये विषाणू दिसत नाही, मग गोळी कशासाठी?

ताई,
मी 31 वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी न्यूमोनिया होऊन ॲडमिट झालो आणि तपासण्यांत एचआयव्ही निघाला. तेव्हा सीडी4 काउंट 96 होता. त्या दिवसापासून रोज गोळी घेतोय, त्यात डोल्युटेग्राविर आहे. मागच्या वर्षभरातले व्हायरल लोडचे दोन्ही रिपोर्ट ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आले. काउंट मात्र 254 वर अडकलाय. मी बरा झालोय की आजारीच आहे? काही दिवस गोळी बंद करून पाहू का? घरी कुणाला माहीत नाही. एका मुलीवर माझं प्रेम आहे, ती लग्नाचं विचारतेय. सांगितलं तर ती निघून जाईल. माझ्याकडून लागण होतच नसेल तर न सांगता चालेल का? दोन वर्षांपूर्वी जिच्यासोबत होतो तिला मी कधी माफ करणार नाही. आणि खरं सांगा, किती वर्षं उरलीत?
– एक वाचक

प्रिय मित्रा,

बाकी सगळं नंतर. गोळी बंद करू नका. ‘करून पाहू’ म्हणूनही नाही, चार दिवसांसाठीही नाही.

व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण. तुमच्या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की तुमच्या रक्तात विषाणू मशीनला सापडेल इतका उरलेला नाही. तो शरीरातून गेलेला नाही. सीडी4 म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि काउंट म्हणजे रक्तातली त्यांची संख्या. एचआयव्ही अशा पेशीत शिरला की आपली जनुकीय माहिती त्या पेशीच्या डीएनएत घालून ठेवतो. अशा काही पेशी नंतर वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात. औषध विषाणूला नव्या प्रती काढू देत नाही, पण या निपचित पेशींपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. गोळी थांबली की त्यांतली एखादी जागी होते आणि बहुतेकांचा व्हायरल लोड काही आठवड्यांत पुन्हा चढतो.

तुमच्या मनात आलेला प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. काउंट चांगला असताना औषधाला सुट्टी देता येईल का, हे बघण्यासाठी एक मोठा अभ्यास झाला. त्यात सुमारे साडेपाच हजार माणसं होती आणि सुरुवातीला सगळ्यांचा काउंट 350 च्या वर होता. 2006 मध्ये तो मुदतीआधीच आवरता घ्यावा लागला, कारण औषध थांबवलेल्या गटात आजारपण आणि मृत्यू दोन्ही जास्त होते. नुसते एड्सचे आजार नव्हेत, हृदय, यकृत आणि मूत्रपिंडाचेही. तुमचा काउंट 254 आहे. तुम्हाला हा प्रयोग झेपणार नाही.

आता त्या काउंटबद्दल. व्हायरल लोड आणि सीडी4 वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तुमचा गोंधळ तिथेच झालाय. घरात आत्ता पुराचं पाणी शिरतंय का, हे व्हायरल लोड सांगतो. आधीच्या पुरानं किती पडझड केली आणि डागडुजी कुठवर आली, हे काउंट सांगतो. तुमच्याकडे पाणी थांबलंय. डागडुजीला वेळ लागतोय.

निरोगी माणसाचा काउंट साधारण 500 ते 1500 च्या दरम्यान असतो. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत तो भराभर वाढतो, कारण लसिकाग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परत येतात. पुढची वाढ नव्या पेशी तयार होऊन व्हायची असते, म्हणून ती संथ असते. 100 च्या खालून सुरुवात केलेल्यांना वर चढायला अनेक वर्षं लागतात, काहींचा काउंट मध्येच थबकतो. दीड वर्षात 96 चे 254 झाले याला मी अडकणं म्हणणार नाही. शिवाय हा आकडा साध्या सर्दीतापानं, अगदी रक्त सकाळी दिलं की दुपारी यानंही खालीवर होतो. एका रिपोर्टवरून झोप उडवून घेऊ नका. गोळी फसतेय का, हे काउंटवरून नाही तर व्हायरल लोडवरून ठरतं, आणि तुमचा उत्तम आहे.

सावध मात्र राहायचं. रेंगाळणारा खोकला, रात्रीचा घाम, उतरणारं वजन दिसलं तर टीबीची तपासणी लगेच करून घ्या. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांचे सर्वाधिक जीव टीबीनं घेतलेत. संसर्ग टाळण्यासाठी दुसरी एखादी गोळी दिली असेल, तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

तुम्ही ज्या व्यक्तीला दोष देताय तिच्याबद्दल मला लिहिलंच पाहिजे. लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असा त्रास होतो. फ्लू समजून तो विसरला जातो, काहींना तर काहीच होत नाही. त्या काळात रक्तातला विषाणू लाखोंच्या घरात असतो. मग शरीर त्याला थोडं आवरतं आणि एक लांब शांत काळ सुरू होतो. उपचार नसतील तर तो सरासरी आठ-दहा वर्षं चालतो. माणूस धडधाकट दिसतो आणि आत काउंट वर्षाला साधारण 50 ते 100 नं घसरत असतो. 200 च्या खाली गेला, किंवा तुम्हाला झाला तसा एखादा गंभीर संसर्ग झाला, की त्या टप्प्याला एड्स म्हणतात. आता तुम्हीच हिशेब करा. निदान झालं तेव्हा तुमचा काउंट 96 होता. ज्या भेटीचा तुम्हाला राग आहे ती त्याआधी सहाच महिन्यांची. काहींमध्ये आजार वेगानं वाढतो, त्यामुळे खात्रीनं कुणालाच सांगता येणार नाही. पण तुमची लागण त्या भेटीच्या कितीतरी आधीची असण्याची शक्यता खूप मोठी आहे. तसं असेल तर तुम्हीच नकळत तिला लागण केली असण्याचीही शक्यता उरते. हे वाचायला जड जाईल. तरीही तिला तपासणी करायला सांगणं गरजेचं आहे. स्वतः बोलवत नसेल तर समुपदेशकाला विचारा, तुमचं नाव न सांगता निरोप पोहोचवायची सोय अनेक ठिकाणी असते.

किती वर्षं? काउंट चांगला असतानाच उपचार सुरू करून ते नीट चालू ठेवणारी माणसं आज जवळजवळ इतरांइतकंच जगतात. तुमचं निदान उशिरा झालं, त्यामुळे पहिली काही वर्षं जोखमीची होती. त्यांतला सगळ्यात अवघड भाग तुम्ही पार केलाय. वय 31, विषाणू आटोक्यात: पुढची काही दशकं धरून बेत आखा. सिगारेट असेल तर सोडा, रक्तदाब आणि साखर तपासत राहा.

आता ती मुलगी. व्हायरल लोड सतत दबलेला असेल तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे पक्कं सिद्ध झालंय. एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांच्या युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल 2016 आणि 2019 मध्ये आले. कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध येऊनही, उपचारानं विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नव्हती. मुलंही होऊ शकतात. बाळाला एचआयव्ही आईकडून जातो, त्यामुळे आई निगेटिव्ह असेल तर बाळाला धोका नाही.

तरीही, मित्रा, तिला सांगा. लग्नाची बोलणी घरच्यांपर्यंत जायच्या आधी सांगा. लागण होत नाही हे खरं असलं तरी ते ऐकून निर्णय तिनं घ्यायचाय, तिच्या वतीनं तुम्ही नाही. दुसरं असं, की ही गोळी रोज घ्यायची आहे, आयुष्यभर. लपवून घेणाऱ्यांची ती कधी चुकते ते विचारा कुणालाही: पाहुणे आले की, प्रवासात एका खोलीत झोपावं लागलं की, पाकीट कुणाच्या तरी हाती लागेल या भीतीनं. गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो, आणि जिला जपायला हे लपवलंत तिलाच धोका होतो. एकाच छपराखाली ही लपवालपवी टिकत नाही, हे मी अनेक पत्रांतून वाचलंय.

कसं सांगायचं? फोनवर नको, भांडणानंतर नको. निवांत बसून सरळ सांगा: मला एचआयव्ही आहे, रोज औषध घेतो, विषाणू रिपोर्टमध्ये सापडत नाही, माझ्याकडून तुला लागण होणार नाही, आणि हे माझ्या डॉक्टरांना तू स्वतः विचारू शकतेस. तुमच्यात संबंध आले असतील तर तिची तपासणी व्हायला हवी, तेही सांगा. त्याच दिवशी उत्तर मागू नका. ती रडेल, रागावेल, कदाचित जाईलही. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तिनं इतरांना सांगू नये अशी विनंतीही मोकळेपणानं करा, तो तुमचा हक्क आहे. आणि सांगायला जाण्याआधी एखाद्या जवळच्या माणसाला किंवा समुपदेशकाला विश्वासात घ्या. त्या संध्याकाळी तुम्ही एकटे असू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमची,
ताई

ता. क. पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही ॲसिडिटीची गोळी रोज घेत असल्याचं लिहिलंय. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधं डोल्युटेग्राविर अंगी लागू देत नाहीत. तुमची एचआयव्हीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्या औषधाचं पाकीट दाखवा.