जुनी पॉलिसी नव्या गाडीवर वळवू का?

प्रश्न: मी मिरजेला शिक्षिका आहे. माझी २०१८ची ११९७ सीसीची पेट्रोल गाडी आहे. चार महिन्यांपूर्वी तिची पॉलिसी रिन्यू केली, ७,९६० रुपये भरून. नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) ५० टक्के आहे. आता पुण्यातल्या एका गृहस्थांकडून २०२१ची १४९८ सीसीची डिझेल एसयूव्ही घेतेय आणि जुनी गाडी दिरांना देतेय. एजंट म्हणतात, पॉलिसी नव्या गाडीवर वळवायला ८,३१९ रुपये लागतील. सगळ्या वर्षाच्या पॉलिसीपेक्षा बदलायचेच पैसे जास्त कसे? नवीन पॉलिसीचं कोटेशन २०,३५० रुपयांचं आलंय. विकणारे म्हणतात, आमची पॉलिसी अजून सात महिने आहे, बोनस २० टक्के, झीरो डेपसकट (क्लेममधून घसारा न कापणारा जोडविमा). ती गाडीबरोबरच देतो, तुम्हाला काही करायला नको. मी काय करू?

उत्तर: तुम्ही कोटेशनचे फोटो जोडलेत ते बरं झालं, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. एजंट तुम्हाला फसवत नाहीयेत. त्या ८,३१९ रुपयांत बदलाचं शुल्क आहे जेमतेम ५० रुपये. बाकी सगळा प्रीमियम आहे.

जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, तीन लाख, नवीची नऊ लाख. बोनस वजा जाता ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, वर्षाचा प्रीमियम ३,००० वरून ९,००० वर जातो. फरक ६,०००, उरलेल्या आठ महिन्यांचे ४,०००. झीरो डेप तुमच्या जुन्या पॉलिसीत नव्हतंच. ते वर्षाला ४,५००, म्हणजे आठ महिन्यांचे ३,०००. त्यात ५० रुपये आणि १८ टक्के जीएसटी मिळवा, ८,३१९ होतात. वर्षाच्या मधेच गाडी बदलली तर फरक उरलेल्या दिवसांच्या प्रमाणातच घ्यायचा, असा मोटार टॅरिफचा (गाडीच्या विम्याच्या नियमावलीचा) नियम आहे आणि इथे तो पाळलेला दिसतो. थर्ड पार्टीत, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीच्या विम्यात, काही वाढलेलं नाही, कारण ११९७ आणि १४९८ सीसी दोन्ही एकाच गटात येतात, वर्षाला ३,४१६ रुपये. गाडी १५०० सीसीच्या वरची असती तर हाच आकडा ७,८९७ झाला असता. गाडी बघताना या सीमारेषेचा विचार कुणी करत नाही, पण दरवर्षी साडेचार हजारांचा फरक पडतो.

आता नवीन पॉलिसीशी तुलना. २०,३५० भागिले बारा, म्हणजे महिन्याला १,६९६ रुपये. पॉलिसी वळवलीत तर ८,३१९ अधिक तुमच्या जुन्या प्रीमियमचे न वापरलेले ५,३०७, म्हणजे आठ महिन्यांना १३,६२६. महिन्याला १,७०३. दोन्ही वाटा एकाच भावाच्या निघाल्या. नव्या पॉलिसीत एक सोय मात्र आहे: ओन डॅमेजचे दर प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, तेव्हा चार ठिकाणी विचारता येतं. बोनस माणसाचा असतो, गाडीचा किंवा कंपनीचा नाही, त्यामुळे तो कुठेही नेता येतो. तुमचा बोनस २५ किंवा ३५ टक्के असता तर नवीन पॉलिसीने बोनस वाढण्याची पुढची पायरी चार महिने लांबली असती. तुम्ही सगळ्यात वरच्या पायरीवरच आहात, तो प्रश्न नाही.

माझ्या मते मात्र तुम्ही विकणाऱ्यांची पॉलिसी घ्यावी. फक्त ‘तुम्हाला काही करायला नको’ हे त्यांचं वाक्य विसरून जा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. समजा पॉलिसी त्यांच्याच नावावर राहिली आणि गाडी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठोकली गेली. त्यांना क्लेम मिळणार नाही, कारण गाडी त्यांची नाही. तुम्हालाही मिळणार नाही, कारण करार तुमच्याशी नाही. नऊ लाखांची गाडी आणि विमा शून्य! म्हणून खरेदीच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत त्यांच्या विमा कंपनीकडे पॉलिसी तुमच्या नावावर करण्याचा अर्ज गेलाच पाहिजे. आणि कंपनीकडून एन्डॉर्समेंट (नाव बदलल्याचा कागद) हातात येईपर्यंत गाडी शक्यतो दारातच उभी ठेवा.

याचा खर्च किती? त्यांचा २० टक्के बोनस तुमच्याकडून वसूल होईल, सात महिन्यांचे जीएसटीसह २,४७८ रुपये. शुल्क ५९ धरून २,५३७. तुमचा स्वतःचा ५० टक्के बोनस दाखवून ही वसुली टाळण्याची तरतूद नियमात आहे, विचारून बघा. पण हिशोबात पैसे धरूनच चला.

सौदा पक्का करण्याआधी त्यांच्याकडे मूळ पॉलिसी मागा. या वर्षी क्लेम घेतलाय का, हे कंपनीकडून काढा. झीरो डेपचे क्लेम बहुतेक ठिकाणी मोजकेच मिळतात, आणि ते त्यांनी वापरून टाकले असतील तर तुमच्या हाती रिकामी डबी येईल. पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची निघाली किंवा आयडीव्ही नऊच्या ऐवजी सहा लाख असली, तर माझा सल्ला मागे घेतो. मग ८,३१९ भरून मोकळ्या व्हा. आणि पॉलिसीचे वेगळे पैसे मागू लागले तर त्यांना किती पडले ते ऐकू नका. तुमच्या बोनसने हेच सात महिने तुम्हाला ११,८७१ ला मिळतात. वसुलीसकट तुमचा आकडा त्याच्या वर जाता कामा नये, म्हणजे त्यांच्या हातात नऊ हजारांच्या पुढे काही नाही.

तुमची पॉलिसी मग जुन्या गाडीबरोबर दिरांकडे जाईल. त्यांना स्वतःचा बोनस नसेल तर आठ महिन्यांचे २,३६० आणि शुल्क मिळून २,४१९ रुपये भरावे लागतील. तुम्ही पॉलिसी काढून घेतली असती तर त्यांना नवी पॉलिसी साधारण साडेअकरा हजारांना पडली असती. घर म्हणून बघितलं तर आज खिशातून १९,८१९ जाण्याऐवजी ४,९५६ जातील. रिन्यूअल लवकर येईल हे खरं, पण तेव्हा तुमचा ५० टक्के बोनस कामाला येईल. त्यासाठी आत्ताच तुमच्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. रिन्यूअलला हे पत्र स्वीकारणार का, ते विकणाऱ्यांच्या विमा कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. नाही म्हणाली तर रिन्यूअलच्या दिवशी कंपनी बदला.

मला खरी काळजी दिरांच्या गाडीची वाटते. घरातल्या घरात गाडी दिली की ‘करू सावकाश’ होतं आणि आरसी वर्षानुवर्षं वहिनींच्याच नावावर राहते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, गाडी चार हात फिरलेली असली तरी. अपघाताचा दावा लागला तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल. किल्ली देण्याआधी आरटीओच्या मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून घ्या आणि अर्ज केल्याची पावती स्वतःजवळ ठेवा. दीर रागावणार नाहीत. रागावले तर माझं नाव सांगा.

एसयूव्हीवर कर्ज काढणार असाल तर नाव बदलतानाच बँकेचा बोजाही पॉलिसीवर चढवून घ्या, नाहीतर त्याच कामासाठी पुन्हा अर्ज. आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्या गृहस्थांच्या नावाने असेल. तो तुमच्या नावाने नव्याने घ्यावा लागेल, साधारण ३३० रुपये आणि कर. तो घेताना नॉमिनीच्या रकान्यात कुणाचं नाव पडतंय ते बघून घ्या.