मुंबईहून एका दिवसात डोंगर आणि समुद्र : कनकेश्वर आणि किहीम

तुम्ही विचारलंय की परळहून सकाळी निघून रात्री घरी परत यायचंय, सोबत नऊ वर्षांची मुलगी आणि पासष्टीच्या सासूबाई आहेत, आणि एकाच दिवसात एक छोटा डोंगर आणि मग समुद्र असं दोन्ही कुठं जमेल.

कनकेश्वर आणि किहीम : अलिबागजवळ, पहिला डोंगर आणि दुसरा समुद्रकिनारा. माझं आजोळ तिथल्याच चोंढी गावाजवळचं, त्यामुळे हा डोंगर मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून चढतोय, आधी आजीचं बोट धरून, मग मामेभावंडांबरोबर, आता स्वतःच्या मुलाला घेऊन. तुम्हाला हवं तसं दुसरं ठिकाण इतक्या जवळ मला तरी माहीत नाही.

आधी एक गोष्ट ठरवून टाका : डोंगर सकाळी, समुद्र संध्याकाळी. एकदा आम्ही उलटं केलं होतं. सकाळी किहीमला डुंबलो आणि जेवून दुपारी एकला पायऱ्या चढायला लागलो. कपड्यांत वाळू, अंगावर मिठाचा थर, दगड तापलेले. माझ्या मामेबहिणीला अर्ध्यावर अंधारी आली. तिला सावलीत निजवून, थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी पाजत आम्ही तास-दीड तास बसलो होतो. ती तेव्हा तुमच्या मुलीच्याच वयाची होती, म्हणून हे आधी सांगतोय.

जायचं कसं : गेटवेहून मांडव्याची पहिली किंवा दुसरी बोट पकडा. तासाभरात मांडवा. पुढची अलिबागपर्यंतची बस बहुतेक बोटींच्या तिकिटातच असते. बसमध्ये चढतानाच ड्रायव्हरला सांगून ठेवा, कनकेश्वर फाट्याला उतरायचंय. फाट्यावरून रिक्षानं मापगाव, डोंगराचा पायथा. साडेआठच्या आत तुम्ही पहिल्या पायरीवर असायला हवं.

पायऱ्या सातशेच्या वर आहेत, मोठ्या घडीव दगडांच्या. राघोजी आंग्र्यांच्या काळात, १७६४ च्या सुमारास त्या बांधल्या गेल्या. अडीचशेपेक्षा जास्त पावसाळे काढून त्या अजून पाय टेकायला पक्क्या आहेत, आणि मला प्रत्येक वेळी त्या बांधणाऱ्यांबद्दल मनापासून आदर वाटतो. पण त्या सारख्या उंचीच्या नाहीत. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याजवळ, मग मध्येच सपाट फरसबंदी. सासूबाईंना त्रास होईल तो याचा.

माझी आजी सत्तरीपर्यंत चढत होती. तिची पद्धत सांगतो. ती कधीही सरळ चढायची नाही. पायऱ्या रुंद आहेत, त्यामुळे ती डाव्या कडेपासून उजव्या कडेला, पुन्हा डावीकडे, अशी नागमोडी चढायची. बोलायची नाही. दम लागायच्या आधीच थांबायची, लागल्यावर नाही. वाटेत नागोबाचा टप्पा लागतो, तिथं बसून दोन घोट पाणी, त्याहून जास्त नाही. पुढं देवाची पायरी म्हणतात तिथं वाकून हात लावायचा. पालेश्वरापाशी वाटेवरच्या झाडाचा हिरवा पाला तोडून वाहायचा. आम्हा पोरांना त्या पाल्याची केवढी घाई असायची! कुणाची डहाळी मोठी, यावर भांडणं व्हायची. तुमच्या मुलीला पायथ्यालाच सांगून ठेवा की वर एका देवाला फुलं नाही, नुसता पाला चालतो. अर्धा डोंगर ती त्याच ओढीनं चढेल.

नागोबाच्या टप्प्यावर पोचल्यावर सासूबाईंना मोकळेपणानं विचारा. गुडघे बोलायला लागले असतील तर तिथूनच परत फिरणंही चांगलं. उतरणं हे चढण्यापेक्षा गुडघ्यांना जड जातं, आणि ‘आता एवढं आलोय तर’ म्हणून वर नेलेलं माणूस उतरताना रडकुंडीला येतं, हे मी आमच्याच घरात पाहिलंय. हातात काठी असू द्या. पावलांना घट्ट बसणारे, तळाला खाचा असलेले बूट घाला. नवी गुळगुळीत चप्पल नको.

लहान मूल आणि वडीलधारं माणूस धरून चढायला सव्वा तास धरा. अर्ध्याच्या वर गेल्यावर झाडी जिथं जिथं उघडते तिथं मागं वळून बघा. खाली भातखाचरं, नारळी-पोफळीच्या वाड्या, मग समुद्राची पट्टी, आणि हवा स्वच्छ असेल तर पाण्यात दोन ठिपके : खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला, तोही मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत, त्यांची गलबतं आडवी येत असताना. लगोलग सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर तळ दिला. शाळेत हे पाठ करताना मला त्यातलं काही कळलं नव्हतं. कनकेश्वराच्या पायरीवर मामानं बोट करून दाखवलं तेव्हा कळलं : ही दोन बेटं हाताशी असल्याशिवाय मुंबईच्या तोंडावर कुणाला नजर ठेवता येणार नाही. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात खांदेरी आहे. मुलीला ते ठिपके नक्की दाखवा, संध्याकाळी किहीमवरून तीच बेटं पुन्हा समोर दिसतील.

वर पोचलात की हवाच बदलते. दाट झाडी, दगडी पुष्करणी, आणि महादेवाचं जुनं देऊळ. कनकासुर नावाच्या असुराच्या भक्तीला भुलून शंकर इथंच राहिले, म्हणून कनकेश्वर, अशी कथा आजी सांगायची. पुष्करणीच्या काठावर मुलीचा हात सोडू नका, ती खोल आहे. माकडं आहेत, तेव्हा प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. देवळाजवळच्या घरांत चहा मिळतो. आणि वर किमान तासभर तरी थांबा, ही माझी विनंती आहे. बहुतेक लोक दर्शन घेतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत उतरायला लागतात. या डोंगराचं खरं सुख त्या सावलीत नुसतं बसण्यात आहे. साडेअकराला उतरायला लागा, साडेबारापर्यंत खाली याल.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस तुमच्यासाठी टाळा, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरतं आणि गेटवेच्या बोटीही बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात उत्तम. करवंदं-जांभळं हवीत तर मे महिना, पण मग पहाटेच पायथ्याशी हवं.

जेवण चोंढी नाक्यावर. घरगुती खाणावळीत ताटात तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील, सोलकढी. पोटभर जेवा, कारण त्यानंतर दोन तास पाण्यात जायचंच नाहीये. किहीमला जाऊन सुरूच्या सावलीत सतरंजी पसरा आणि आडवे व्हा.

आता समुद्राचं, आणि हे नीट वाचा. तारीख ठरवताना सुट्टी बघाल तशी तिथीही बघा. आमच्याकडे भरतीचा हिशोब असा करतात : तिथीला पाऊणनं गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतं, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळते, पण घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून बेत आखायला एवढं पुरतं.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा. तुम्ही चार ते पाच वाळूवर असणार. मुलीला पाण्यात खेळायचं असेल तर अष्टमी ते दशमी यातला दिवस धरा. त्या दिवसांत भरती संध्याकाळी सहा ते साडेसातला असते, म्हणजे तुम्ही असाल तेव्हा पाणी किनाऱ्याकडे येत असतं. शिवाय हे भांगाचे दिवस, चढ-उतार कमी, जोरही कमी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास बरोबर उलटं. उधाणाची भरती दुपारी अकरा-बाराला होऊन जाते आणि चार वाजता पाणी भराभर मागं सरकत असतं. ओहोटीचं पाणी वरून शांत दिसतं, पण पायाखालची वाळू ओढून नेतं. शहरातून आलेली माणसं याच शांततेला फसतात. त्या दिवशी घोट्यापलीकडे मुलीला जाऊ देऊ नका. पण शिंपले वेचायला, ओल्या घट्ट वाळूवर दूरवर चालायला उधाणाच्या दिवसांसारखी मजा नाही, एवढी वाळू उघडी पडते. म्हणून डुंबायचं की चालायचं ते घरीच ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर दशमीचा शनिवार शोधला असता.

किहीमबद्दल एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० मध्ये नोकरी नसताना इथं येऊन राहिले होते, आणि घराजवळच्या सुगरणींच्या घरट्यांचं निरीक्षण करत त्यांनी पावसाळा काढला. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत राहते. मग तो ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो, हा सगळा क्रम त्यांनी किहीमला उलगडला. पुढं जगभर नाव झालेल्या माणसाचं हे सुरुवातीचं मोठं काम, एका किनाऱ्यावरच्या गावात नुसतं रोज तासन्‌तास बघत बसून झालेलं. हिवाळ्यात पक्षी घरट्यांवर नसतात, पण शिंदीच्या झाडांना, विहिरींवर वाकलेल्या फांद्यांना वाळलेली घरटी लटकलेली असतात. चोंढीहून किहीमला जाताना मुलीला ती शोधायला लावा.

उधाणाचा दिवस निवडलात आणि पायांत जोर उरला असेल तर वाळूवरून दक्षिणेकडे नवगावच्या दिशेनं चाला. बेने इस्रायल म्हणजे इथल्या ज्यू लोकांचे पूर्वज गलबत फुटून याच किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. नवगावला त्यांचं स्मारक आहे. हे लोक इथं तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. त्यांची मायबोलीही मराठीच झाली.

परतीचं मात्र कडक पाळा. शेवटच्या बोटीची वेळ सकाळी गेटवेवरच विचारून घ्या आणि तिच्या आधीची बोट आपली समजा. हिवाळ्यात सूर्य सहा-साडेसहाला बुडतो, त्यामुळे किहीमचा सूर्यास्त आणि मांडव्याची बोट हे दोन्ही बहुधा जमत नाही. सूर्यास्त हवाच असेल तर अलिबागहून एसटीनं वडखळ-पेण-पनवेल मार्गे या, पण शनिवार-रविवारी वडखळच्या आसपास गाड्यांची रांग लागते आणि मुलगी तोवर झोपून जाईल. मी बोट घेईन. चोंढीहून साडेपाचच्या आत मांडव्याकडे निघा, रिक्षा दुपारीच सांगून ठेवा. फेब्रुवारीनंतर जात असाल तर वाटेत अलिबागचा पांढरा कांदा माळा करून विकायला असतो, चवीला गोडसर. एक माळ घ्याच.

बोटीच्या मागं हिवाळ्यात कुरव (सीगल) पक्ष्यांचे थवे उडत येतात आणि लोक त्यांना शेव-गाठ्या फेकतात. तुम्ही तेवढं करू नका. ते तेलकट, खारट खाणं त्यांचं नव्हे. मुलीला उजव्या-डाव्या कठड्यापाशी उभं करून नुसतं बघू द्या, ते इतके जवळून उडतात की प्रत्येकाचा डोळा दिसतो.