विमानवाहू नौकेचा डेक तिरका का असतो?

नौकेवरील उतरण्याची पट्टी डावीकडे कललेली असते, ती लांबी वाढावी म्हणून का, असे आपण विचारले आहे. लांबीचा मुद्दा येथे दुय्यम आहे. उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीचा हुक डेकवर ताणलेल्या तारेत अडकतो आणि विमान थांबते. हुक तारेला लागलाच नाही तर विमानाचे काय व्हायचे, या प्रश्नातून हा डेक जन्मला.

सरळ डेकवर मागच्या भागात आडव्या तारा, त्यांच्यापुढे पोलादी दोरांचा अडसर आणि अडसरापलीकडे उभी करून ठेवलेली विमाने अशी रचना असे. हुक चुकला की विमान अडसरावर आदळे, आणि अडसरानेही दगा दिला तर उभ्या विमानांत घुसे. पंख्याच्या विमानांच्या काळात हे कसेबसे निभावले. जेट मात्र वजनाने आणि वेगाने भारी, त्याच्या इंजिनाला पुन्हा जोर धरायला वेळ लागे, आणि नाकावर पंखा नसल्याने अडसराचा दोर सरळ वैमानिकाच्या अंगावर येण्याचा धोका होता. ब्रिटिशांनी चाके न उघडता रबरी गादीवर उतरण्याचाही प्रयोग केला (1948 मध्ये वैमानिक एरिक ब्राउन 'वॉरियर' नौकेवर असे उतरले), परंतु बिनचाकी विमान डेकवरून हलवणे हीच मोठी कटकट होती.

ऑगस्ट 1951 मध्ये ब्रिटिश नौदलाचे कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांनी उतरण्याची दिशाच किंचित डावीकडे वळवावी असे सुचवले आणि फार्नबरो येथील ब्रिटिश विमान संशोधन संस्थेचे लुईस बॉडिंग्टन यांनी ती कल्पना उचलून धरली. 1952 मध्ये 'ट्रायम्फ' या ब्रिटिश नौकेवर नुसत्या रंगाने तिरकी पट्टी आखण्यात आली. तारा जुन्याच दिशेत असल्याने विमाने चाके टेकवून पुन्हा उडत. अमेरिकनांनी आपल्या 'अँटिटम' नौकेचा डेक खरोखरच बाजूला वाढवून जानेवारी 1953 मध्ये चाचण्या सुरू केल्या.

तेव्हापासून जेटचा वैमानिक डेकला टेकताक्षणी इंजिनाचा जोर कमी न करता पूर्ण वाढवतो, कारण हुक चुकला तरी समोर मोकळा समुद्र असतो. याची किंमतही आहे: नौका पुढे जात असल्याने तिरकी पट्टी वैमानिकाच्या दृष्टीने सतत उजवीकडे सरकत राहते आणि त्यालाही तसे सरकावे लागते.

आपली पहिली 'विक्रांत' 1945 मध्ये पाण्यात उतरली, पण अपुरीच राहिली होती. 1957 मध्ये भारताने ती घेतल्यावर बेलफास्टमध्ये तिला तिरका डेक मिळाला. पुढे हॅरियर जेट विमाने आली आणि उभीच खाली उतरू लागली, तेव्हा त्या डेकचे मूळ काम उरले नाही. हुक लावून उतरणाऱ्या मिग-29के विमानांमुळे ते 'विक्रमादित्य'वर पुन्हा सुरू झाले.