दगडी स्थानकाच्या दरजा

प्रश्न : आमच्या डोंगरगावातल्या वारसा यादीतल्या रेल्वे स्थानकाच्या दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) सिमेंटने भरल्या. आता दगडाचेच पोपडे निघतात. का?

उत्तर : चुन्याची दरज ओल बाहेर सोडते, सिमेंट ती अडवतं. मग पाणी दगडातून वाट काढतं, पृष्ठभागाजवळ क्षार साठतात, थंडीत पाणी गोठून फुगतं आणि पापुद्रा सुटतो. आधी पन्हळींची गळती थांबवा. परवानगी घेऊन सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढा. ग्राइंडर नकोच, दगडाच्या कडा कायमच्या जातात. दरज रुंदीच्या दुप्पट खोल साफ करून भिजवा. मग 1 भाग जलीय चुना (पाण्याने घट्ट होणारा चुना) आणि 3 भाग चाळलेली वाळू कालवून ती भरा. भरलेल्या दरजांवर आठवडाभर ओलं गोणपाट लावा. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल तर काम पुढे ढकला.