सव्वासहा कॅरेटचा कच्चा हिरा घेऊ का?

प्रश्न: वय 61, राहणार नागपूर. निवृत्तीचे 60 लाख हाताशी आहेत. मध्य प्रदेशातल्या पन्न्याच्या सरकारी लिलावात घेतलेला 6.25 कॅरेटचा कच्चा हिरा ओळखीचे व्यापारी 18 लाखांना देत आहेत. सुरतेत पैलू पाडून मुलीच्या लग्नात अंगठी आणि पेंडंट करावं असा विचार आहे. असा दगड पुन्हा मिळायचा नाही, त्यामुळे गुंतवणूकही होईल. घेऊ का?

उत्तर: मुलीला दागिना जरूर करा, पण या दगडाचा नको.

6.25 कॅरेट हे कच्चं वजन आहे. पैलू पाडताना निम्म्याहून जास्त वजन जाणं नेहमीचंच. 40 टक्के हाती आलं असं धरू, म्हणजे अडीच कॅरेट. तयार हिरा तुम्हाला कॅरेटला 7 लाख 20 हजारांना पडला, मजुरी वेगळी. त्यात तुम्हाला खडे हवेत दोन. हिऱ्याचा कॅरेटमागचा भाव आकाराबरोबर चढतो, त्यामुळे एका मोठ्या खड्याचे जेवढे पैसे होतात तेवढे त्याच वजनाच्या दोन लहान खड्यांचे होत नाहीत. शिवाय आतली चीर कुठवर गेली आहे, यावर सगळं अवलंबून. सुरतेत म्हणूनच आधी दगड स्कॅनरवर फिरवून आतला नकाशा काढतात, मग लेझर लावतात. तो नकाशा तुम्ही पाहिल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. आणि खरं सांगू? नकाशा झकास असता तर व्यापाऱ्याने स्वतःच पैलू पाडून विकला नसता का?

'पुन्हा मिळायचा नाही' याचंही बघा. बोट्सवानाच्या कारोवे खाणीत 2015 मध्ये 1,109 कॅरेटचा लेसेडी ला रोना सापडला. 2016 मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात बोली 6.1 कोटी डॉलरपर्यंत गेली, राखीव किंमत गाठली नाही म्हणून हिरा परत गेला. पुढच्या वर्षी लंडनच्या ग्राफ या जवाहिऱ्याने तो 5.3 कोटी डॉलरना घेतला. त्यातून 67 खडे निघाले, सर्वांत मोठा 302.37 कॅरेटचा. एवढ्या दुर्मीळ दगडालाही गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबावं लागलं आणि भाव उतरवावा लागला. तुमच्या अंगठीला अडीनडीला कोण गिऱ्हाईक आहे? सराफ सोन्याचे पैसे वजनावर देईल, घडणावळ आणि जीएसटी गेलाच, आणि हिऱ्याचं तो म्हणेल ते. त्यातच प्रयोगशाळेतले हिरे आता गल्लोगल्ली मिळू लागलेत.

शिवाय 18 लाख म्हणजे तुमच्या पुंजीचे 30 टक्के. पेन्शन आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर हा विषय इथेच संपला.

माझ्या मते दागिन्यासाठी 5 लाख बाजूला काढा आणि पैलू पाडलेला, जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र असलेला खडा घ्या. कटिंगचा धोका दुसऱ्या कुणीतरी आधीच पत्करलेला असतो. उरलेले 13 लाख सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाका (मर्यादा 30 लाख). 8.2 टक्के व्याज धरलं तर दर तिमाहीला 26,650 रुपये येतील.

तरीही मन पन्न्याच्याच हिऱ्यावर असेल, तर निदान स्कॅनचा रिपोर्ट आणि पन्न्याच्या सरकारी हिरा कार्यालयाच्या लिलावाची पावती मागा. पावतीला टाळाटाळ झाली तर पुढे बोलूच नका. खाणीत सापडलेला हिरा कार्यालयात जमा न करता बाहेर विकणं बेकायदा आहे.