शनिवार-रविवारचा एक्सेल

पत्र मोठं होतं, थोडं छाटून देतेय.

"ताई, मी ४१ वर्षांची, नोकरी करते. घरात नवरा, १४ वर्षांची लेक, ८ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. आठवडाभर कुणाला कुणाशी बोलायला वेळ नसतो म्हणून शुक्रवारी रात्री मी वीकेंडचा प्लॅन करते, चक्क एक्सेलमध्ये, प्रत्येकाला वेगळा रंग. सकाळी ट्रेक, दुपारी क्राफ्ट, संध्याकाळी मित्रमंडळी. होतं काय तर नवरा दहापर्यंत झोपतो, लेक 'बोअर' म्हणून दार लावून घेते, मित्रांचं ऐनवेळी कॅन्सल, आणि रविवारी संध्याकाळी मी सगळ्यांवर ओरडते. बाकीच्यांचे फोटो बघितले की वाटतं आपल्यालाच जमत नाही. काय चुकतंय? एक्सेल बंद करू का?
— थकलेली"

अगं थकलेली, तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग जरा ओशाळले, कारण माझ्याकडे एक्सेल नव्हता पण फ्रिजवर चिकटवलेला तक्ता होता. स्केचपेनने केलेला, खाली सगळ्यांच्या सह्या घेतलेल्या. सह्या! तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी त्या तक्त्यावर माझंच मिश्यावालं चित्र काढलं आणि कुणी काढलं ते आजवर कळलेलं नाही.

तर काय चुकतंय. तुझा प्लॅन वाईट नाहीये, पण पूर्ण पत्रात "मला काय आवडतं" हे एकदाही आलेलं नाही बघ. ट्रेक मुलांना हवा चांगली म्हणून, क्राफ्ट मोबाईल सुटावा म्हणून, मित्र नवऱ्यासाठी. तू पाच दिवस ऑफिसमध्ये काम करतेस आणि उरलेले दोन दिवस घरात मॅनेजर असतेस, आणि मॅनेजर हाक मारायला लागला की माणसं लपतात हे तुला ऑफिसमुळे माहीत असणारच. फोर्डच्या कारखान्यात १९२६ मध्ये पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला, म्हणजे कामगारांना शनिवारही मोकळा मिळायला लागला, तो मोकळा शनिवार तू परत शिफ्टमध्ये बसवलास गं.

माझं म्हणणं एवढंच, यावेळी कुणालाही काही सांगू नकोस. घोषणा नाही, "चला रे" नाही. शनिवारी सकाळी एकटी उठ, जवळच्या झाडांखाली चक्कर मार, वेगवेगळ्या आकाराची ताजी पानं घेऊन ये, पडलेली असली तरी चालतील पण वाळलेली नकोत, आणि टेबलावर पसारा मांड. जुनं पांढरं सुती कापड, हातोडी, खाली एक फळी. कापडावर पान ठेवायचं, वरून कापडाचा दुसरा पदर घ्यायचा आणि हळूहळू ठोकत जायचं, कडेपासून सुरू कर म्हणजे आकार नीट येतो. पानाचा हिरवा रस कापडात उतरतो, शिरांसकट. जाड, मांसल पान घेतलंस तर नुसता चिखल होईल, मऊ आणि पातळ पानं बरी. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलंस तर रंग जरा जास्त टिकतो, तरी उन्हात ठेवलं की फिका पडणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता हे ठोकण्याचं काम मुद्दाम सांगतेय, कारण आवाज होतो. ठकठक ऐकून आठ वर्षांचा येणारच येणार, त्याला बोलवावं लागत नाही. आणि चौदा वर्षांची लेक, जिला सुंदर शांत क्राफ्ट बोअर होतं, तिला हातोडीने काहीतरी हाणायला मिळतंय म्हटल्यावर दार किलकिलं होतं की नाही बघ. नाही झालं तर नाही. हाक मारू नकोस, "बघ किती छान झालंय" पण नाही, तू आपलं ठोकत राहा. पसारा दुपारी आवरूसुद्धा नकोस, रविवारपर्यंत तसाच पडू दे, बरेचदा लोक आपण उठून गेल्यावर हळूच येऊन बसतात.

सासूबाईंना ट्रेकच्या रंगात का टाकलंस ते मला कळलंच नाही! त्यांना खिडकीत किंवा गॅलरीत खुर्ची दे आणि पक्षी मोजायला सांग. खरंच. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट म्हणून एक जगभरचा उपक्रम आहे, १९९८ पासून चालतोय, दर फेब्रुवारीत चार दिवस असतो, त्यात एका जागी निदान १५ मिनिटं बसायचं आणि दिसतील ते पक्षी मोजून नोंदवायचे. फेब्रुवारीची वाट बघायची गरज नाही, घरच्या घरी कुठल्याही रविवारी सकाळी करता येतं, सकाळी पक्ष्यांची धावपळ जास्त असते. नावं आली नाहीत तर "काळा, शेपूट लांब, ३" असं लिहायचं, मुलगा पळत जाऊन फोनवर शोधेल. मोबाईलशी सारखं भांडण्यापेक्षा त्याला असं कामाला लावलेलं बरं.

नवऱ्याला झोपू दे. आठवडाभर दमलेला माणूस सकाळी सातला डोंगरावर प्रेमळ होत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दोघंच अर्धा तास चालून या, मुलांशिवाय, आणि त्या वेळात सोमवारचा विषय काढायचा नाही.

मित्रांचं वेगळं आहे. ग्रुपवर पोल टाकून "कधी जमेल" विचारलं की कधीच जमत नाही, चौघांच्या चार तारखा आणि शेवटी एक अंगठा. त्यापेक्षा ठरवून टाक, महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, आमचं दार उघडं, येईल तो येईल. एकच आला तर एकाशी गप्पा. घर आवरायचं नाही ही अट स्वतःला घाल, नाहीतर दुसऱ्याच महिन्यात तूच कॅन्सल करशील.

फोटोंचं म्हणशील तर फोटोत दहा सेकंद असतात, त्याआधीची रडारड कुणी टाकत नाही, पुढे जाऊ. आणि हो, एखादा रविवार असा जाईल की कुणीच फिरकणार नाही, तू एकटीच टेबलाशी. तुला ते आवडलं तर तो वीकेंड मस्त गेला असं धर, मनापासून, ओरडायचं कारणच नाही. नाही आवडलं तर हातोडी ठेव बाजूला आणि तुला खरंच काय करावंसं वाटतं ते शोध, शिवण असेल, माती असेल, नुसतं झाडाखाली लोळणं असेल.

राहिला एक्सेल. बंद करू का विचारलंयस, तर आहेत तेवढे सगळे प्रिंट काढ. ठोकून उरलेली पानं वहीत चिकटवायची असतील तर आधी कागदांच्या मधे ठेवून वर जाड पुस्तकांचं वजन ठेवायचं असतं, पहिले काही दिवस कागद रोज बदलायचे नाहीतर बुरशी येते, नीट वाळायला दोनतीन आठवडे जातात. कागद भरपूर लागतात.